पूर पिशवी : आमच्या केमिस्ट संघटनेचं एक प्रकरण, सुरुवातीपासनं

आजूबाजूच्या तालुक्यांतले केमिस्ट मित्र भेटले की विचारतात, तुम्ही सांगलीत जूनमधे ते पिशवीचं काय करता ओ, आम्हाला पण करायचंय. म्हंजे रोजचं औषध चुकून चालणार नाही अशा पेशंटला पूर यायच्या आधीच जादा गोळ्या आणि औषधाची माहिती घातलेली पिशवी द्यायची, ते. फोनवर दहा मिनिटात ते सांगून होत नाही, आणि सांगितलं तरी चांगलं चांगलं तेवढंच सांगितलं जातं. म्हणून जे झालं ते सगळं, चुकलेलं सुद्धा धरून, एका ठिकाणी लिहून ठेवतोय. मोठं झालंय, पण ज्यांना खरंच करायचंय त्यांनी शेवटपर्यंत वाचा, मधलाच भाग जास्त महत्त्वाचा आहे.

आमचा गट म्हंजे शहराच्या जुन्या भागातली मेडिकलची दुकानं. गावभाग, खणभाग, मारुती चौक, हरभट रोड हा पट्टा. जिल्ह्याची संघटना वेगळी, तिचे कार्यक्रम मोठे असतात. आमचं छोटं आहे, सगळे एकमेकांना लहानपणापासनं ओळखणारे, एकाकडं औषध शॉर्ट असलं तर पोरगं सायकलवरनं दुसऱ्याकडनं आणतं, असं. वर्षाचे कार्यक्रम ठरलेले. संक्रांतीला तिळगूळ आणि स्नेहभोजन, उन्हाळ्यात रक्तदान कारण तेव्हा रक्ताचा तुटवडा असतो, गणपतीत मांडवात शुगर-बीपी तपासणी, आणि २५ सप्टेंबरला जागतिक फार्मासिस्ट दिन, त्या दिवशी रॅली आणि ज्येष्ठ फार्मासिस्टांचा सत्कार. यातलं काहीच वाईट नाही, रक्तदान तर मी आजही सगळ्यात वरचं मानतो. पण हे सगळे कार्यक्रम मांडवात, स्टेजवर, नाहीतर रस्त्यावर होतात. आपलं खरं काम चालतं ती जागा म्हंजे काउंटर, आणि तिथं संघटना म्हणून आम्ही कधी काहीच केलेलं नव्हतं. हे लक्षात यायला २०१९ चा ऑगस्ट यावा लागला.

२०१९

बाहेरच्या लोकांसाठी थोडं सांगतो. सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ मोजतात. ४० फूट इशारा पातळी, ४५ धोका. पावसाळ्यात इथं माणूस माणसाला भेटला की पहिलं हेच विचारतो, आयर्विनला किती झालं. आमच्या सगळ्यांच्या डोक्यात २००५ च्या पुराची खूण पक्की बसलेली, काही दुकानांत तर भिंतीवर रेघ मारून ठेवलेली. त्या रेघेच्या वर माल उचलून ठेवला की आपण सुरक्षित, असा हिशोब. मी पण तसंच केलं. ते वर्ष त्या रेघेत मावलं नाही, पाणी ५७ फुटांच्या वर गेलं.

दुकानाचं काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण ते प्रत्येकाचंच झालं. खालचे रॅक, सिरप, लहान मुलांच्या दुधाचे डबे सगळं गेलं, फ्रिज तरंगून आडवा झाला, त्यातलं इन्सुलिन आणि लसी गेल्या. पाणी उतरल्यावर पंचनामा, इन्शुरन्स, चिखल. एकच गोष्ट इथं मुद्दाम सांगाविशी वाटते. पुरात भिजलेल्या बऱ्याच स्ट्रिपा पुसल्या की बाहेरनं अगदी नव्यासारख्या दिसतात, आणि लाखाचं नुकसान समोर असताना हात थरथरतो. पण ब्लिस्टरच्या आत ओल गेली का नाही हे डोळ्यांना कळत नाही आणि ते पाणी गटाराचं पण होतं. आमच्या गटात सगळ्यांनी एकमेकांच्या दुकानात जाऊन, एकमेकांच्या समोर, पाणी लागलेलं एकूण एक पाकीट बाजूला काढलं. एकट्यानं ते करणं जड गेलं असतं. संघटना कशासाठी असते याचं माझ्यापुरतं पहिलं उत्तर मला त्या दिवशी मिळालं.

दुसरं उत्तर निवारा केंद्रात मिळालं, आणि हे सगळं प्रकरण तिथनंच सुरू होतं.

दुकान पाण्यात, घर पाण्यात, मग आम्ही सात-आठ जण विश्रामबागच्या बाजूला एका शाळेत लोकांना ठेवलेलं तिथं गेलो. आपलं लायसन्स दुकानाच्या जागेचं असतं, शाळेत बसून आपण औषध विकू शकत नाही आणि आपल्या मनानं वाटूही शकत नाही. तिथं सरकारी डॉक्टर होते, त्यांच्या हाताखाली फार्मासिस्ट म्हणून आम्ही उभं राहिलो. ते लिहिणार, आम्ही काढून, समजावून देणार. ज्यांना असं काम करायचंय त्यांनी हे आधी डोक्यात पक्कं करा.

पुण्या-मुंबईकडनं, कुठून कुठून लोकांनी मनापासनं औषधांची खोकी पाठवलेली. कोल्हापूरकडचा हायवे पाण्यात असताना सुद्धा माणसं वाकडी वाट करून माल घेऊन आलेली, त्यांचे उपकार आहेत. पण खोकी उघडली की अर्धी कापलेली पाकिटं, डॉक्टरांची सॅम्पलं, एक्स्पायरीला महिना राहिलेलं, एक्स्पायर झालेलं, आणि एकाच खोक्यात मुलांचं पॅरासिटामॉल आणि मोठ्यांची बीपीची गोळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीच्या औषधांबद्दलच्या सूचना आहेत, त्यात औषध पोचतं तेव्हा निदान एक वर्षाची मुदत शिल्लक हवी असं आहे, पण पाठवणाऱ्या माणसाला ते कोण सांगणार. पहिले दोन दिवस आमचं निम्मं मनुष्यबळ नुसतं निवडण्यात गेलं.

आणि मग सिरिंजचा प्रकार. आपल्याकडं इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक ४० युनिटवाल्या, म्हंजे एका मिलीत ४० युनिट, आणि त्याची सिरिंज लाल टोपीची. मदतीत आलेल्या सिरिंजा केशरी टोपीच्या, १०० युनिटवाल्या. एका काकांना २० युनिट घ्यायचे होते. केशरी सिरिंजमधे २० च्या रेघेपर्यंत आपल्या बाटलीतलं औषध भरलं तर पोटात ८ युनिटच जातात. काकांची शुगर का उतरत नाही म्हणून डोस वाढवायचं बोलणं चाललेलं, तेवढ्यात आमच्याबरोबर आलेल्या बी.फार्म.च्या एका पोरीनं टोपीचा रंग बघितला. तिनं बघितलं नसतं तर डोस वाढला असता, आणि दोन दिवसांनी कुणीतरी बरोबर सिरिंज दिली असती तर काका झोपेतच गेले असते. उलटं झालं, १०० ची बाटली आणि लाल सिरिंज, तर २० च्या जागी ५० जातात. ही पोरगी तेव्हा तिसऱ्या वर्षाला होती. पुढं २५ सप्टेंबरला आम्ही तिचा सत्कार केला, ज्येष्ठांच्या आधी.

पण ज्यानं पिशवी सुचली तो प्रसंग वेगळा. तिसऱ्या दिवशी रात्री एका पंचविशीतल्या पोराला फिट आली. बरोबर फक्त आज्जी. डॉक्टर विचारतायत गोळी कुठली, आज्जी म्हणतायत, "पांढरी हाय ओ सायब, रातीला तीन देतुया." फाईल घरात, घर पाण्यात. ज्या डॉक्टरांची ट्रीटमेंट त्यांचा दवाखाना पण पाण्यात, फोन लागत नाही. मी दुसऱ्या खोलीत खोकी लावत होतो, आवाज ऐकून आलो आणि आज्जींना बघितलं, दर महिन्याच्या पाच-सहा तारखेला माझ्याकडं येणाऱ्या आज्जी. मी म्हणलं, सर, फिटची गोळी फेनिटोइन १००, रात्री तीन, तीन वर्षं झाली, बदल नाही. तीन दिवस गोळी चुकलेली होती. ॲम्ब्युलन्सनं मिरजेला नेलं, पोरगा वाचला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आज्जी आल्या त्याच शाळेत मी होतो हा योगायोग. शहरात असल्या शाळा किती होत्या आणि असल्या आज्जी किती.

दिवाळीनंतरची मीटिंग

सगळ्यांची दुकानं कशीबशी उभी राहिल्यावर, दिवाळी झाल्यावर बसलो. मी सांगितलं की आपल्याकडं जी माहिती आहे ती दुसऱ्या कुणाकडंच नाही. डॉक्टर बदलतात, फाईल हरवते, पण दर महिन्याला तेच औषध न्यायला येणारं गिऱ्हाईक आपल्याला तोंडपाठ असतं. ही माहिती पूर यायच्या आधी त्या माणसाच्या हातात द्यायची, एवढाच कार्यक्रम.

विरोध झाला आणि तो खोटा नव्हता. आमचे एक ज्येष्ठ म्हणाले, बाळा, दिवसाला चारशे रुपये कमावणारा माणूस पंधरा दिवसांच्या गोळ्या जादा घेऊन ठेवील का, त्याला एक आठवड्याच्या घेताना आपण बघतो. दुसरा मुद्दा, जादा दिलेलं पडून राहून एक्स्पायर होईल. तिसरा, चिठ्ठीशिवाय जादा द्यायचं कसं. मला तेव्हा राग आलेला, आता वाटतं की त्या तीन प्रश्नांमुळंच पिशवी टिकली.

शेवटी असं ठरलं. जाड प्लास्टिकची झिपची पिशवी, त्यात पंधरा दिवसांच्या गोळ्या, चिठ्ठीची झेरॉक्स आणि एक कार्ड. पंधरा दिवस का, तर २०१९ ला आठवडाभर पाणी आणि पुढचा आठवडा दुकानं बंद, असा अनुभव. कार्डावर औषधाचं मूळ नाव, ब्रँड नाही, कारण मदतीत कुठल्या कंपनीचं येईल सांगता येत नाही. डोस, ॲलर्जी, इन्सुलिन असेल तर ४० का १०० हे मोठ्या अक्षरात आणि टोपीचा रंग, आणि परगावच्या एका नातेवाईकाचा नंबर, गावातल्याचा नको, तो पण पुरात असणार. चिठ्ठीचं म्हणाल तर आम्ही भागातल्या डॉक्टरांना भेटलो, त्यांनी चिठ्ठीवरच पंधरा दिवस जादा लिहून द्यायचं कबूल केलं, एकानंही नाही म्हणलं नाही. एक्स्पायरीवर उपाय आपल्याच धंद्यातला, जुनं आधी. महिन्याचं औषध घरी नेलं की पिशवीतलं बाहेर काढून वापरायचं आणि नवीन पिशवीत ठेवायचं. पिशवी कायम ताजी, जादा पैसे एकदाच. आणि ते एकदाचे पैसे ज्यांना जड आहेत त्यांना उधार, महिन्याला थोडे थोडे फेडायचे, बुडाले तर संघटनेनं भरायचे. त्यासाठी पुढच्या जानेवारीचं स्नेहभोजन बंद केलं, तिळगूळ तेवढा ठेवला. बुडाले फार थोडे.

कुणाकुणाला पिशवी, यावर दोन मीटिंगा गेल्या. सगळ्यांनाच दिली तर कुणालाच नीट दिली जात नाही. एक दिवस सुद्धा चुकून चालणार नाही ते आधी : इन्सुलिन, फिटच्या गोळ्या, हृदयात स्टेंट बसवलेल्यांची रक्त पातळ ठेवायची गोळी, दम्याचा पंप, जास्त दिवस चाललेलं स्टेरॉइड, मानसिक आजाराची औषधं. बीपीची पण यातच घेतली, काही गोळ्या एकदम बंद झाल्या तर बीपी उसळी मारतं. थायरॉईडवाल्या बऱ्याच ताई भांडायला आल्या की आम्हाला का नाही. त्यांना समजावलं की ते औषध अंगात बरेच दिवस टिकतं, चार दिवस चुकलं म्हणून लगेच संकट येत नाही, पण त्यांनी घरच्या घरी पिशवी केली तर उत्तमच. टीबीचं औषध सरकारी, ते पेशंटनं स्वतः पिशवीत घालायचं, आम्ही फक्त पिशवी आणि कार्ड दिलं.

२०२० च्या जूनमधे करायचं होतं, तेव्हा कोरोनात सगळंच कोलमडलं, थोड्या दुकानांनी थोडं केलं. खरी सुरुवात २०२१ च्या मे-जूनला, मृग निघायच्या आधी. उद्घाटन, फीत, स्टेज काही नाही. महिन्याचं औषध न्यायला माणूस आला की तिथंच, काउंटरवर, दहा मिनिटं. गर्दीच्या वेळी नाही जमत, म्हणून दुपारी दोन ते चार या रिकाम्या वेळेत बोलवायचं.

जुलै २०२१

आमचा बेत असा की आयर्विनला ३० फूट झालं की प्रत्येक दुकानानं आपापल्या लोकांना फोन करायचा, पिशवी बाहेर काढा म्हणून. कोयनेतनं पाणी सोडलं की ते सांगलीत पोचायला वेळ लागतो, तेवढा वेळ आपल्याला मिळतो असं धरलेलं. पण २२-२३ जुलैला पाऊस असा पडला की हिशोबच बसेना. बघता बघता पाणी चढत गेलं आणि शेवटी ५४ फुटांच्या वर गेलं. निम्मे फोन झाले, निम्मे राहिले. आपलं स्वतःचं दुकान उचलत उचलत फोन करायचे, ते होत नाही. ही आमची पहिली चूक. आता फोन करायचं काम विश्रामबाग आणि मिरजेतले आमचे जे मित्र आहेत त्यांच्याकडं दिलंय, ज्यांच्या दुकानात पाणी येत नाही. आणि आकडा ३० वरनं २५ वर आणला, उगाच फोन गेला तर जाऊ दे.

पाणी उतरल्यावर आम्ही प्रत्येकाला विचारलं, पिशवी बरोबर नेली का. बऱ्याच जणांनी नेली, निम्म्याहून जास्तच. पण राहिली त्यांची का राहिली हे विचारताना जे कळलं ते आमच्यापैकी कुणालाच सुचलं नसतं. ज्यांनी पिशवी औषधाच्या डब्यात, टीव्हीच्या कपाटात, देवाच्या फळीवर ठेवलेली त्यांची राहिली. ज्यांनी रेशन कार्ड, आधार आणि बँकेच्या पासबुकाबरोबर ठेवलेली त्यांची आपसूक आली, कारण घर सोडताना माणूस कागदं उचलतोच. एका वहिनींनी तर स्पष्टच सांगितलं, "औषध काय ओ, मेडिकलमधे परत मिळतं, रेशन कार्ड परत कोण देतंय." तेव्हापासनं पिशवी देताना आम्ही एकच वाक्य दोनदा बोलतो, ही रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवा.

इन्सुलिनचं मात्र तेव्हा बरंच फसलं. पिशवी कपाटात, इन्सुलिन फ्रिजमधे, पळताना फ्रिज कुणी उघडत नाही. एकानं आठवणीनं आणलं तर थेट बर्फात खुपसून आणलं, ते गोठलं, गोठलेलं इन्सुलिन कामाचं नाही, फेकावं लागलं. यावर आता फ्रिजच्या दारावर लाल स्टिकर लावायला देतो, त्यावर मराठीत फक्त तीन ओळी : मला घेऊन जा, बर्फाला चिकटवू नका, गोठलं तर वापरू नका. आणि मडक्याची जुनी युक्ती शिकवतो. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, त्यात इन्सुलिन, वर ओलं फडकं. फ्रिजइतकं थंड राहत नाही, पण वापरात असलेली बाटली साध्या गारव्यात साधारण चार आठवडे चालते. न फोडलेल्या साठ्याला २ ते ८ डिग्रीच लागतं, त्यासाठी एका स्टॉकिस्टनी (औषधांचे घाऊक व्यापारी) वॅक्सिनचे दोन कूल बॉक्स आम्हाला कायमचे दिलेत, ते पाणी न येणाऱ्या दोन जागी ठेवलेत.

पाण्यानंतर लेप्टोच्या (पुराच्या घाण पाण्यातनं होणारा ताप) भीतीनं लोक काउंटरवर डॉक्सीसायक्लिन मागायला आले, पाकीटच्या पाकीट. आम्ही कुणीच दिलं नाही, आरोग्य विभागाच्या पथकाकडं पाठवलं, कारण ती गोळी लहान पोरांना आणि गरोदर बाईला अशी सरसकट द्यायची नसते. थोडी वादावादी झाली पण गटानं एकत्र ठरवलेलं असलं की एकट्याला नाही म्हणणं सोपं जातं.

जे लिहायला जड जातंय

आता यातली सगळ्यात मोठी चूक. ती माझी आहे.

कोण कुठल्या केंद्रात गेलंय हे कळेना, म्हणून २३ जुलैला रात्री मी माझ्या दुकानातल्या पिशवीवाल्या पेशंटची पूर्ण यादी संघटनेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. नाव, गल्ली, औषध, डोस. हेतू चांगला होता, जो कुणी जिथं असेल त्याला मदत करता यावी. पण त्या ग्रुपमधे नुसते फार्मासिस्ट नव्हते, दुकानातली पोरं होती, कुणाचा भाऊ, कुणाचा पुतण्या.

पूर ओसरून महिना झाला असेल. एक ताई दुपारी आल्या, दुकानात कुणी नव्हतं. पाच वर्षं माझ्याकडनं मानसिक आजाराचं औषध नेत होत्या, कायम स्वतः यायच्या, कधी कुणाला पाठवलं नाही. काउंटरला हात लावून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दादा, सासरी कुणाला माहिती नव्हतं. आता सगळ्या गल्लीला माहितीये." एवढंच. आवाज पण चढवला नाही. मला काहीच बोलता आलं नाही, हात जोडले. त्यानंतर त्या माझ्या दुकानात आल्या नाहीत. त्यांच्या घरी जाऊन माफी मागावी असं खूप वाटलं, पण मी घरी गेलो असतो तर आणखी चर्चा झाली असती, म्हणून नाही गेलो. अजून ते मनात आहे.

रुग्णाची माहिती गुप्त ठेवायची हे आपण कॉलेजात शिकतो, फार्मसी प्रॅक्टिसच्या २०१५ च्या नियमांत पण आहे. मला ते माहिती नव्हतं अशातला भाग नाही. घाईत मला वाटलं की जीव वाचवायच्या कामाला हा नियम लागू नाही. पण त्या ताईंचं आयुष्य त्याच गल्लीत चाललेलं आहे, पूर येवो न येवो.

मीटिंगमधे मी हे सगळ्यांसमोर सांगितलं, ताईंची ओळख कळेल असं काही न सांगता. काही जण म्हणाले, मग मानसिक आजाराच्या औषधाची पिशवीच बंद करू, लफडं नको. मी त्याला ठाम विरोध केला आणि आजही करीन. ते औषध एकदम बंद झालं की माणूस ढासळतो, आणि निवारा केंद्रात, दोनशे लोकांत, हॉलमधे झोपायचं म्हंजे चांगल्या माणसाची झोप उडते. माहिती फुटली ती आमच्यामुळं, म्हणून पेशंटची पिशवी काढून घ्यायची हा कुठला न्याय.

मग पद्धत बदलली. यादी कुठल्याच ग्रुपवर जात नाही. फोन करणाऱ्या मित्राला फक्त पिशवीचा नंबर आणि मोबाईल नंबर मिळतो, औषध नाही, आजार नाही. तो फोनवर फक्त एवढंच म्हणतो, तुमची कागदाची पिशवी घ्या. औषधाची नोंद त्या त्या दुकानाच्या फार्मासिस्टकडं, आणि एक प्रत बंद पाकिटात, पाणी न येणाऱ्या एका दुकानाच्या कपाटात, सरकारी डॉक्टरांनी मागितली तरच उघडायची. कार्ड पारदर्शक पिशवीत असं ठेवतो की बाहेरनं फक्त कोरी बाजू दिसते. आणि पिशवी देण्याआधी विचारतो, तुमचं नाव नोंदवू का नको, नको म्हणाले तर नुसती पिशवी देतो, नोंद करत नाही. बरेच जण नको म्हणतात. त्यांना फोन जाणार नाही हे आम्हाला चालवून घ्यावं लागतं.

आणि ग्रुपमधे आता फक्त रजिस्टर्ड फार्मासिस्ट. यावरनं दोन दुकानदार नाराज झाले, ज्यांची दुकानं नोकरीवरचे फार्मासिस्ट चालवतात आणि ते स्वतः ग्रुपबाहेर गेले. त्यातले एक परत आले, एक नाही.

सध्या

दर वर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यापासनं मृगापर्यंत पिशव्या तपासायचं काम चालतं. पेशंट पिशवी घेऊन येतो, आपण तारखा बघतो, डोस बदलला असेल तर कार्ड नवीन. निम्म्या वेळा डोस बदललेला असतो आणि कार्ड जुनंच असतं, हे विसरू नका, चुकीचं कार्ड हे कार्ड नसण्यापेक्षा वाईट. सांगलीवाडीत अजून आम्हाला नीट जमलेलं नाही. पूल ओलांडून पलीकडं, पाणी आलं की तो भाग सगळ्यात आधी तुटतो, आणि तिथली बरीच माणसं औषध कुठनं घेतात तर कामाला येतात तिथनं, म्हंजे एक ठरलेलं दुकान नाही. तिथं आमची तोंडपाठ असलेली गिऱ्हाइकं नाहीत, त्यामुळं सगळी पद्धतच लागू होत नाही. तिथल्या आशाताईंबरोबर बसायचं ठरवतोय, त्यांना घरं माहिती असतात.

फिटवाल्या पोराच्या आज्जी यंदा ७ जूनला आल्या, पोराला बरोबर घेऊन. पिशवी उघडली तर गोळ्या बरोबर, तारखा बरोबर, कार्ड जागेवर, आणि त्याच्या मागं रेशन कार्ड, घरपट्टीची पावती, आणि आजोबांचा पासपोर्ट साईज फोटो. म्हणाल्या, "मागच्या पुरात ह्यांचा मोठा फोटू ऱ्हायला की ओ भितीवर. हितं बसंना झालंय आता सगळं. मोठी पिशवी हाय का?"

मोठी नव्हती. एक्स-रेच्या फिल्म घालायला आणलेल्या झिपच्या पिशव्या होत्या, त्यातली एक दिली.